अक्काचा सर्वर निरोगी होता

राजमती अक्काविषयी वाईट बोलणारी माणसं आमच्या हॉस्पिटलात अजून आहेत. त्यांच्याशी माझं पटत नाही. तिला देव्हाऱ्यात बसवणारीही चार डोकी आहेत, त्यांच्याशी तर त्याहून पटत नाही. अक्का हुशार होती, हट्टी होती, आणि एकदा चुकली होती. ती चूक एका पोरीच्या पोटावर आणि नावावर गेली. पुढं ती निस्तरायला अक्कानं जे केलं ते मी डोळ्यांनी बघितलंय, म्हणून हे लिहायला बसलो. नाहीतर मी पॅथॉलॉजीतला माणूस. रक्त, लघवी आणि थुंकी यांच्यापलीकडं माझं लिखाण कधी गेलेलं नाही.

आमचं हॉस्पिटल कोल्हापूरच्या राजारामपुरीत. दोन्ही अंगांना कोचिंग क्लास, समोर चष्म्याचं दुकान, मध्ये आम्ही. अक्काची खोली तळमजल्यावर जिन्याखाली. तिथं सर्वर होता, आणि सर्वरला गारवा लागतो म्हणून भर मे महिन्यात अक्का लोकरीची शाल पांघरून बसलेली असायची. घाम पुसत आलेली माणसं तिला बघून चपापायची. पगारपत्रकावर हुद्दा सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेटर, पण अध्यक्षांपासून आयाबाईंपर्यंत सगळ्यांना ती अक्काच. कर्नाटक सीमेजवळच्या गावचं जैन घर, शेती आणि भांड्यांचं दुकान. लग्न केलं नव्हतं. का, ते विचारायची माझी छाती झाली नाही. घरात कानडी, बाहेर रांगडी कोल्हापुरी. आमच्याकडच्या पुष्कळ बायकांसारखी ती 'मी आलो, मी गेलो' असंच बोलायची. फार राग आला की मात्र मराठी संपायची आणि तोंडातून एकच शब्द पडायचा, 'हौदु'. कानडीत त्याचा अर्थ नुसता 'हो' असा आहे. पण अक्का 'हौदु' म्हणाली की समोरच्यानं मुकाट बाहेर पडायचं असतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

टेबलावर तिचा पितळी तांब्या, तोंडाला पांढरं फडकं. पाणी गाळल्याशिवाय तिच्या पोटात जात नसे आणि दिवस मावळल्यावर अन्नाचा कण जात नसे. सर्वरलाही तिनं हाच नियम लावलेला. नवा प्रोग्राम आला की तो कुठून आला, कुणी बनवला, बनवणाऱ्यानं सांगितलेली खूण आणि उतरवून घेतलेल्या प्रोग्रामची खूण जुळते का, हे बघितल्याशिवाय ती त्याला आत घेत नसे. आम्हाला घाई असायची. आम्ही दारात उभं राहून कुरकुर करायचो, आणि ती चष्म्यावरून बघून म्हणायची, बसा की, पाणी गाळायला येळ लागतोच.

मी नोकरीला लागलो तेव्हा हॉस्पिटलात सगळीकडं विंडोजची मशिनं होती आणि आठवड्याआड एखादं आजारी पडायचं. कोण कुठला पेनड्राइव्ह आणायचा, कोण कसली गाणी घालायचा, आणि सकाळी बघावं तर रिपोर्ट गायब. अक्कानं हळूहळू एकेक मशीन पुसून तिथं लिनक्स ही वेगळी प्रणाली घातली. लोकांनी बोंब मारली. बटणं सापडत नाहीत, अक्षरं वेगळी दिसतात, एक ना दोन. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि जे करायचं तेच केलं. मीही बोंब मारणाऱ्यांतलाच होतो. म्हटलं, अक्का, ह्यात असं काय सोन्याचं आहे? तेव्हा तिनं मला जे सांगितलं ते आजपर्यंत डोक्यात बसलंय.

म्हणाली, मशीनला तीन पिडा असतात. व्हायरस म्हणजे गोचीड, तिला चिकटायला जनावर लागतं. वर्म म्हणजे वाळवी, ती कुणी आणावी लागत नाही, फट दिसली की आपली आपण घुसते. आणि ट्रोजन म्हणजे दारात आलेला भोंदू बाबा, त्याला आपणच पाट मांडून आत बसवतो. लिनक्समध्ये काम करणाऱ्या साध्या माणसाला मशीनच्या मुळाला हात घालायची परवानगीच नसते. गोचीड चिकटली तरी त्याच्या सदऱ्यापुरती, अख्खा गोठा नासत नाही. ती स्वतः एवढी मालकीण, तरी दिवसभर साध्या नावानंच काम करायची. पूर्ण अधिकार घ्यायची वेळ आली तर तेवढ्यापुरता घ्यायची आणि काम झालं की लगेच टाकून द्यायची. अधिकार अंगावर ठेवून जेवायला बसू नये, असं तिचं म्हणणं.

भोंदू बाबाचा किस्सा आमच्या हाडांच्या डॉक्टरांचा. त्यांनी इंटरनेटवरून एक्स-रे बघायचा एक प्रोग्राम आणला होता, फुकटचा. तो चालवायचा तर मशीन पूर्ण अधिकार मागत होतं. अक्कानं डॉक्टरांनाच खुर्चीत बसवलं आणि पडद्यावर काय लिहिलंय ते वाचायला सांगितलं. मग म्हणाली, "नुसता फोटू बघायचा हाय, त्याला तिजोरीची किल्ली कशाला पायजे?" डॉक्टर हसले आणि प्रोग्राम घेऊन परत गेले. माणूस मोठ्या मनाचा, पुढं स्वतःच सगळ्यांना हे सांगत फिरायचा.

वाळवी मात्र माझ्याच खोलीत लागली. रक्त तपासायचं आमचं एक यंत्र होतं, त्याच्या पोटात लिनक्सच चालायचं. एकदा ते तापायला लागलं. पंखा असा घरघर करायचा की शेजारी बोललेलं ऐकू येईना, आणि रिपोर्ट तर रखडत रखडत. मला वाटलं, म्हातारं झालं. अक्का आली, यंत्राच्या पाठीवर हात ठेवून जरा वेळ उभी राहिली आणि म्हणाली, हे तुमचं काम करत न्हाय, दुसऱ्या कुणाचं तरी करतंय. तसंच निघालं. कंपनीच्या माणसानं यंत्र बसवताना जो पासवर्ड घातला होता तो कुणी बदललाच नव्हता. असा पासवर्ड जगभर सारखाच असतो. बाहेरून कसलासा वर्म तो चाचपडत आत शिरला होता आणि आमच्या विजेवर कुणा परक्याची आकडेमोड चालली होती. अक्कानं यंत्राचा बाहेरचा संबंध तोडला, सगळं नव्यानं घातलं. मी जरा चिडवून म्हटलं, तुमच्या लिनक्सला रोग लागत नाही म्हणत होता की. तिनं मला झाडलं. दार उघडं ठेवलं तर वाळवी येणारच, पण गोचीड? गोचीड माझ्या सर्वरला चिकटत न्हाय म्हंजे न्हाय. हे ती इतक्या ठामपणे म्हणायची की पुढं आम्हीही तसंच म्हणायला लागलो. संचालकांच्या बैठकीत सर्वरवर अँटिव्हायरस घालायची गोष्ट निघाली तेव्हा ती एवढंच बोलली, ज्याला ताप नाही त्याला गोळी कशाला? विषय तिथंच मिटला.

तिची आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. हॉस्पिटलातल्या प्रत्येक माणसाचा रिपोर्ट तिच्या सर्वरवर होता आणि तिनं त्यातला एकही कधी उघडला नाही. नुसती नावंसुद्धा ती बघत नसे. सर्वरवर प्रत्येक विभागाचा एक कप्पा होता, तो कप्पा त्या विभागाचा, आपण फक्त कुलूप सांभाळायचं. तिचा थोरला भाऊ आमच्याकडं दाखल होता तेव्हाची गोष्ट. त्याच्या पोटातल्या गाठीचा तुकडा तपासायला गेला होता. रिपोर्ट आला त्या दिवशी मी खिडकीत होतो. बघतो तर पेशंटच्या नातेवाइकांच्या रांगेत, हातात पावती घेऊन, अक्का उभी. मी म्हटलं, अक्का, रांगेत कशाला, सर्वरवर आहे की. ती म्हणाली, "सर्वरवर हाय म्हणून माझा हाय व्हय?" तिचा नंबर आल्यावर मी कागद दिला. तिनं तिथंच वाचला. चांगला नव्हता. घडी घालून पर्समध्ये ठेवला, मागच्या माणसाला वाट दिली आणि गेली. मला त्या दिवशी तिच्या पाया पडावंसं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

आता गारगोटीचं. तिथं आमच्या हॉस्पिटलची शाखा आहे, बाह्यरुग्ण विभाग, रक्त घ्यायची सोय आणि एक्स-रे. मी आठवड्यातून एकदा गाडीनं तिकडं जायचो. तिथल्या एक्स-रेचं आणि सरकारी योजनेचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालायचं, त्यामुळं सबंध संस्थेत विंडोजची मशिनं उरली होती ती तेवढीच. कोल्हापुरात रिपोर्ट तयार व्हायचे, सर्वरवरच्या सगळ्या विभागांच्या सामाईक कप्प्यात पडायचे, आणि गारगोटीत ते उघडून छापून पेशंटला द्यायचं काम संगीता करायची. संगीता तिथल्याच भुदरगड तालुक्यातल्या एका वाडीची. नवरा कागलच्या एमआयडीसीत फाउंड्रीत, सुट्टीला घरी यायचा. लग्नानंतर सासऱ्याच्या मागं लागून तिनं कॉम्प्युटरचा कोर्स केला होता, आणि ह्या नोकरीचा तिला भारी अभिमान. खिडकीत बसली की आजीबाईंना रिपोर्ट वाचून दाखवायची, साखर किती वाढलीय म्हणून दमही द्यायची.

तिच्याकडची मशिनं आजारी पडायला लागली. कप्प्यात फोल्डरच्या जागी फोल्डरसारखंच दिसणारं भलतंच काहीतरी बसलेलं असायचं. त्याच्यावर क्लिक केलं की मशीन गळपटायचं आणि छपाई बंद. रिपोर्टमधले आकडे जागेवर होते, पण कागद हातात पडत नव्हता. लांबून एसटीनं आलेली माणसं तशीच परत जायची. अक्का दोनदा जाऊन मशिनं साफ करून आली. पुन्हा तेच. कोल्हापुरात कुणाला काही नाही, फक्त गारगोटीला. मग संशय जाणार कुणावर?

तिसऱ्यांदा अक्का माझ्याच गाडीतून आली. संगीताच्या किल्ल्यांच्या जुडग्यात एक लाल पेनड्राइव्ह होता, कोर्सच्या नोट्स आणि पोराचे फोटो घातलेला. अक्कानं तो मागून घेतला, तपासला, आणि त्यात तोच व्हायरस निघाला. ओपीडी भरलेली होती. बाकड्यांवर जागा नव्हती, माणसं भिंतीला टेकून उभी होती. अक्का खोलीच्या दारात आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, ह्या पोरीच्या ह्या पेनड्राइव्हनं तुमचे रिपोर्ट अडवलेत. संगीता धीर करून म्हणाली, "मॅडम, ह्यातनं मी मशीनमधी कायबी घातलं न्हाय. हितनंच त्यात गेलं आसंल." अक्का म्हणाली, "हितं कुठनं येणार? माझा सर्वर निरोगी हाय."

संगीता कंत्राटावर होती. तिला काढायला कुणाला दोनदा विचार करावा लागला नाही.

मला त्या दिवशी वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर मलाही तीच दोषी वाटली होती. पुरावा समोर होता. परतीच्या वाटेवर मुदाळतिट्ट्याच्या चौकात आम्ही चहाला थांबलो तेव्हा अक्का गाडीतून उतरलीसुद्धा नाही. एवढंच म्हणाली, पोरगी हुशार हुती, निष्काळजी निघाली.

संगीताच्या जागी तिथल्या सिस्टर बसायला लागल्या. थोड्याच दिवसांत मशिनं पुन्हा आजारी. अक्का ह्या वेळी पेटली. सगळी मशिनं मुळापासून पुसली, नव्यानं भरली. इंटरनेट तोडलं. पेनड्राइव्ह घालायच्या भोकांवर ड्रेसिंगची चिकटपट्टी लावली आणि पट्टीवर सही केली. बाहेरचं जग बंद, फक्त कोल्हापूरच्या सर्वरची एक वाट चालू. मी सकाळी रक्ताच्या बाटल्या गोळा करायला गेलो होतो तेव्हा सिस्टरनी पहिला रिपोर्ट छापला. दुपारी निघायच्या आत मशीन गळपटलं. पट्ट्या जशाच्या तशा होत्या, सह्यांसकट. मी अक्काला फोन लावला आणि सांगितलं. ऐकून तिनं फोन ठेवला.

कोल्हापुरात पोचून मी तिच्या खोलीत गेलो. ती पडद्यासमोर बसली होती. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तिनं सामाईक कप्पा उघडला होता, आत नावांची लांबलचक यादी. ज्या गोष्टी विंडोजवर फोल्डरचं सोंग घेऊन बसत होत्या, त्या लिनक्सच्या पडद्यावर आपल्या खऱ्या नावानं उघड्या पडलेल्या दिसत होत्या. त्यांना लपायचीसुद्धा गरज नव्हती. नुसतं डोकावलं असतं तरी दिसलं असतं, पण दुसऱ्याच्या कप्प्यात डोकवायचं नाही हा तिचा धर्म होता. पहिल्यांदा तो व्हायरस कुणाच्या लॅपटॉपमधून कप्प्यात आला ते शेवटपर्यंत कळलं नाही. व्याख्यानाला येणारे पाहुणे डॉक्टर त्या कप्प्यात चित्रं टाकायचे, त्यांतलाच कुणी असेल. सर्वरला त्याचा काही त्रास नव्हता. लिनक्सवर तो चालतच नव्हता, नुसता पडून होता. गारगोटीचं मशीन दाराशी आलं की मात्र त्याच्या हातात तो रिपोर्टासोबत जात होता. संगीताच्या पेनड्राइव्हमध्येही तो तिथूनच गेला होता, अगदी ती म्हणाली होती तसाच.

अक्कानं पडद्यावरची नजर न हलवता मला विचारलं, "सुतार, टायफाइडचं माणूस बरं झाल्यावर बी दुसऱ्याला देतंय, व्हय?"

मी सांगितलं, काही काही देतात. ताप नाही, अंगदुखी नाही, ठणठणीत असतात. असा माणूस खानावळीत वाढायला असला तर खानावळ आजारी पडते आणि ह्याला पत्ताच नसतो.

"मग त्यो दोषी का?"

मी जरा विचार केला. म्हटलं, "कळायच्या आदी न्हाय. कळल्यावर वाढत राहिला तर दोषी."

मग तिनं कप्पा साफ करायला घेतला. ज्याला ती गोळी म्हणायची ते तपासणीचं सॉफ्टवेअर त्याच दिवशी सर्वरवर घातलं, येणारी-जाणारी प्रत्येक गोष्ट आता त्यातून गाळूनच जाणार होती. गारगोटीची मशिनं त्यानंतर आजारी पडली नाहीत. तांत्रिक बाजू तिथं संपली. माझ्यासारख्या माणसानं सुटकेचा श्वास टाकून पुढचं काम बघितलं असतं.

दशलक्षण पर्वाचे दिवस होते. ते संपलं की जैन माणसं क्षमावाणी पाळतात, वर्षभरात कळत-नकळत झालेल्या अपराधांची एकमेकांना क्षमा मागतात. अक्का दरवर्षी त्या दिवशी प्रत्येक विभागात जाऊन हात जोडायची, अगदी झाडूवालीपुढंसुद्धा. त्या वर्षी तिनं कुणालाच हात जोडले नाहीत. सकाळी गाडीशी येऊन उभी राहिली, म्हणाली, मला गारगोटीला सोडा.

संगीता बाजारपेठेत एका झेरॉक्सच्या दुकानात काम करत होती. आम्ही गेलो तेव्हा एक गिऱ्हाईक मालकाला सांगत होतं, माझा पेनड्राइव्ह तुम्हीच लावा, ह्या बाईच्या हातात नको, हॉस्पिटलची मशिनं हिनंच घालवली म्हणे. संगीता मान खाली घालून कागद लावत होती. अक्कानं ते ऐकलं. तिचा चेहरा मला बघवेना. ती पुढं झाली, हात जोडले आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. चूक माझी हुती, तुझी न्हवती, मला क्षमा कर.

संगीतानं ऐकून घेतलं. रडली नाही, ओरडली नाही. म्हणाली, "सण तुमचा हाय, मॅडम. नाव माझं गेलंय." आणि जरा थांबून, "चार माणसांत बोललासा. हितं कानात येऊन परत घेतासा व्हय?"

अक्काचे हात तसेच जोडलेले राहिले. मागच्या गिऱ्हाइकाला घाई होती, त्यानं घसा खाकरला, तेव्हा आम्ही बाजूला झालो.

दुसऱ्या दिवशी ती अध्यक्षांकडं गेली. सहीच्या फायली नेण्याच्या निमित्तानं मी बाहेरच होतो, आणि अध्यक्षांचा आवाज काही हळू नाही. माणूस वाईट नव्हता. पोरीला परत घ्या, मधला पगारही द्या, असं त्यांनी लगेच कबूल केलं. पण चारचौघांत काही बोलायचं नाही. हॉस्पिटलचाच सर्वर किडका होता असं लोकांत गेलं तर उद्या आपल्या रिपोर्टवर विश्वास कोण ठेवील? अक्का म्हणाली, चव्हाट्यावर गेलेलं नाव मागल्या दारानं कसं आणू? त्यांनी पुष्कळ समजावलं. शेवटी म्हणाले, तुम्ही बोललात तर संचालक तुम्हाला ठेवणार नाहीत, अक्का, आणि मी आडवा पडू शकणार नाही. आतून एकच शब्द आला, "हौदु." पहिल्यांदाच असं झालं, की तो शब्द बोलल्यावर बाहेर पडली ती अक्का.

गारगोटीचा बाजाराचा दिवस तिनं मुद्दाम निवडला. त्या दिवशी ओपीडीत मुंगीला शिरायला वाट नसते. संगीताला कामावर हजर व्हायचा निरोप गेला होता. ती आली, पण खोलीत गेली नाही, दाराजवळ हाताची घडी घालून उभी राहिली. अक्का मधोमध आली. शाल नव्हती, साधी सुती साडी. तिला भाषण येत नाही. म्हणाली:

"मागं ह्याच जागेवर उभं ऱ्हाऊन मी संगीताला बोललो. हिनं मशिनं नासवली म्हणालो. ते खोटं हाय. रोग माझ्या सर्वरात हुता. कोल्हापुरातनं मीच तो हितं धाडत हुतो. हिनं मला तवाच सांगितलं, मी ऐकलं न्हाय."

मग बाकड्यावरचा एक फेटेवाला म्हातारा म्हणाला, "मग बाई, आदी सोताचं घर का न्हाय बघितलासा?"

"माझं मशीन आजारी पडत न्हाय," अक्का म्हणाली, "ह्या गुर्मीत हुतो."

म्हाताऱ्यानं मान हलवली. संगीताकडं वळून म्हणाला, "जा की बाय आत. माझा रिपोर्ट काढ. दुपारची गाडी हाय मला." बाकीच्यांनीही वाट करून दिली. मी आपला रक्ताच्या बाटल्यांचा डबा उगीच उघडून झाकत बसलो.

महिनाभरातच अक्काला हॉस्पिटल सोडावं लागलं. मला निरोप समारंभाला जावंसं वाटलं नाही आणि तो कुणी केलाही नाही. सर्वर आता पुण्याची एक कंपनी सांभाळते, फोन केला की नंबर दाबायला सांगतात. अक्का गावाकडं असते, भावाच्या मुलांपाशी. मी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा तिनं गारगोटीची मशिनं कशी आहेत एवढंच विचारलं. नोकरी गेल्याचं दुःख तिच्या बोलण्यात नव्हतं. दुसरं एक होतं, संगीतानं क्षमा केली की नाही हे, ते ती बोलत नव्हती आणि मीही उकरलं नाही.

पण मला ती आठवते ती त्या बाजारच्या दिवसाची. म्हाताऱ्यानं सांगितल्यावर संगीता आत जाऊन खुर्चीवर बसली. तिला काढलं तेव्हा तिचं खातं बंद केलं होतं, ते नव्यानं उघडायचं होतं. अक्कानं उभ्या उभ्या तिचं नाव घातलं आणि म्हणाली, आता तुझा पासवर्ड घाल, मला कळंल असा नको. दुसऱ्याचा पासवर्ड बघायचा नसतो, म्हणून ती वळली. खोली एवढीशी, वळायला जागा एकाच बाजूला. नाकासमोर हातभर अंतरावर भिंत. दार सताड उघडं होतं आणि बाहेरची सगळी ओपीडी आत बघत होती. हॉस्पिटलातल्या प्रत्येक कुलपाची किल्ली जिच्याकडं होती ती बाई भिंतीकडं तोंड करून, हात खाली सोडून उभी होती. संगीता पडद्याकडं बघत होती, अक्काच्या पाठीकडं बघत होती, पुन्हा पडद्याकडं. बोटं कीबोर्डवर ठेवून ती नुसती बसून राहिली. तिला घाई नव्हती. म्हातारासुद्धा दुपारच्या गाडीचं काही बोलला नाही. मग सावकाश, एकेक अक्षर दाबल्याचा आवाज आला.

"झालं," संगीता म्हणाली. "वळा आता."

अक्का लगेच वळली नाही.